तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी मी स्वतः का धुते

"अहो, माणूस का लावत नाही?" हा प्रश्न मला सोसायटीत, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, सासरच्या लग्नकार्यांत, सगळीकडे विचारून झालाय. लिफ्टमध्ये भेटणारे काका काळजीने विचारतात, "मॅडम, तुमच्यासारख्यांनी बादली उचलायची?" वरच्या मजल्यावरच्या वहिनी विचारत नाहीत, सांगतात: "आमच्याकडचा मुलगा पाचशेत करतो." आणि काही जण मला वगळून थेट नवऱ्याला गाठतात, "काय हो, बायकोला गाडी धुवायला लावता?" तो बिचारा गाडी चालवतसुद्धा नाही. गाडी माझी, हप्ते माझे, पावती माझ्या नावावर. तरी जाब त्याने द्यायचा.

तर एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पुढे सरकवता येईल.

पैसे वाचवायला मी हे करत नाही. चांगला शाम्पू आणि मायक्रोफायबरची फडकी स्वस्त येत नाहीत. व्यायाम म्हणूनही नाही. आणि 'आपलं काम आपण करावं' वगैरे तर अजिबात नाही. माझ्याकडे भांड्यांना मावशी येतात आणि त्यांनी एक दिवस खाडा केला की घरात सगळ्यात आधी मीच चिडते.

पूर्वी माझ्याकडेही माणूस होता. मुलगाच म्हणायचा, विशीतला, आमच्या लातूरकडचा, अहमदपूरचा. पहाटे पाचला यायचा आणि लोक ऑफिसला निघायच्या आत रांगेतल्या सगळ्या गाड्या पुसून मोकळा व्हायचा. त्याची एक बादली असायची. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ, चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत राखाडी, आणि माझी गाडी रांगेच्या शेवटाला. पुण्याच्या या वाघोलीत बांधकामांची धूळ किती असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ती धूळ फडक्यात बसते आणि मग ते फडकं बोनेटवर पॉलिश पेपरसारखं फिरतं. पांढऱ्या गाडीवर हे दिसत नाही. माझी गडद निळी. उन्हात उभी केली की बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा.

त्यात त्याचा दोष नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. महिन्याला पाचशे, सव्वीस दिवस, म्हणजे एका पुसण्याला वीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात कोण प्रत्येक गाडीला पाणी बदलेल? सोसायटीने त्याला दिलेला नळ एकच, तोही कोपऱ्यात जनरेटरच्या मागे.

या रेघा घालवायला मी दिवाळीच्या आधी गाडी आमच्या भागातल्या एका डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी पॉलिश करून चमकवणाऱ्या दुकानात दिली. इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. पुढे काय झालं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही.

संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा आरसा वाटत होती. वरती षटकोनी एलईडींचं जाळं, त्याखाली काहीही चकाकतं. सकाळी पार्किंगमधून उन्हात काढली तर बोनेटच्या डाव्या कडेवर, जिथे पत्र्याला घडी आहे तिथे, वीतभर लांबीचा एक निस्तेज पट्टा. ओलं फडकं फिरवलं, पट्टा गेला. वाळलं, पट्टा परत. पुन्हा ओलं केलं, पुन्हा गेला. तिथेच पोटात गोळा आला, कारण याचा अर्थ मला माहीत होता.

गाडीच्या रंगात वरचा थर पारदर्शक असतो, क्लिअर कोट. साधारण 40 ते 50 मायक्रॉन, केसापेक्षाही पातळ. चमक सगळी त्याची. बफिंग मशीन एका जागी जास्त वेळ फिरलं, त्यातून कडेवर, की तो उडतो. मग खालचा रंग उघडा पडतो, जो ओला असताना चमकतो आणि वाळला की मरतो.

मी रांजणगावला क्वालिटीत आहे. रंगाची जाडी मोजणं हे माझं रोजचं काम. साहेबांना सांगून ती मोजायचा डीएफटी मीटर एक दिवस घरी आणला. टपावर 112 मायक्रॉन. दारांवर 118, 109. बोनेटच्या मध्यावर 94. त्या कडेवर 61.

मीटर घेऊनच दुकानात गेले. मालक तरुण, बोलण्यात गोड. "मॅडम, कंपाउंड बसलंय थोडं. दोन धुण्यांत जाईल." मी म्हटलं, कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, बसली तर जाडी वाढेल, कमी कशी होईल? त्याने मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असं करा, सरांना पाठवा. टेक्निकल आहे, त्यांना समजावून सांगतो."

याच मीटरच्या आकड्यावर मी पुरवठादाराचा अख्खा लॉट परत पाठवते. समोर मिशीवाले पन्नाशीचे गृहस्थ हात बांधून उभे असतात. इथे मात्र मला सर आणायचे होते. जे सर स्कूटरने जातात आणि ज्यांना क्लिअर कोट आणि रेनकोट यातला फरक मीच सांगितला असता.

निघता निघता मशीनशेजारचा कचऱ्याचा डबा दिसला. त्यात घासून टाकलेले पॅड होते आणि वरचाच निळा झाला होता. क्लिअर कोट शाबूत असेल तर पॅडला गाडीचा रंग लागत नाही. मी तो उचलून मालकाच्या टेबलावर ठेवला. मालकाने मला उत्तर दिलंच नाही. त्याने मशीन चालवणाऱ्या पोराला बोलावलं आणि माझ्यादेखत त्याची अशी खरडपट्टी काढली की मलाच तिथून पळावंसं वाटलं. पोरगा मान खाली घालून उभा. दिवाळीची गर्दी होती, दारात गाड्या लागलेल्या, त्याच्या हातातलं मशीन अजून गरम असणार.

बोनेट फुकट रंगवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. कारखान्यात रंग भट्टीत 140 अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडीत वायरी आणि प्लॅस्टिक असतं, त्यामुळे गॅरेजवाल्याला तेवढं तापवता येत नाही. शिवाय मेटॅलिक निळा पुन्हा जुळवणं म्हणजे नशिबाचा भाग. पट्टा आहे तसा आहे. तुम्ही विचारता ना, "ते बोनेटवर काय झालंय?" तेच ते.

तेव्हापासून बादली माझ्या हातात. आता तुम्ही म्हणाल, एका दुकानदाराचा राग तुम्ही सगळ्यांवर काढताय. काढत असेन. पण रागावर माणूस एक-दोन रविवार बादली उचलतो, मग राग ओसरतो. माझं चालू राहिलं, कारण मला ते आवडायला लागलं. ऊन चढायच्या आत, आधी नुसतं पाणी ओतून धूळ सुटी करायची, मग वरून खाली. एक बादली शाम्पूची, एक फडकं खळबळायची, चाकांचं फडकं निराळं. बोअरचं पाणी जड, पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच कोरडं करायचं. तेवढा वेळ फोन वर घरात असतो. माझी उंची बेताची, त्यामुळे टपाच्या मधोमध हात पोहोचत नाही आणि तिथे धुळीची एक पट्टी कायम राहते. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना ती गॅलरीतून दिसते, हे त्यांनी मला कळवलेलं आहे.

पण त्या मुलाचं काय? हे मात्र मला टोचतं. काम बंद केलं तेव्हा त्याने विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?" नाही म्हटलं. त्याला पटलं नाही. मी म्हटलं, आठवड्यातून एकदाच ये, फडकी-शाम्पू मी देते, पैसे तेवढेच. तो म्हणाला, "एका गाडीचं वेगळं कुठं सांभाळू? मग बाकीचे पण मागतील." बरोबर होतं त्याचं. आता रविवारी मी बादली घेऊन उतरते तेव्हा तो दोन गाड्या सोडून पुसत असतो. आम्ही बोलतो, गावाकडच्या पावसाचं वगैरे. कॅन्टीनमध्ये एकेकाळी मीच सगळ्यांना सांगायचे, "माणूस लावा, आपला वेळ वाचतो, त्याचं घर चालतं." त्या माझ्याशी मी अजून भांडते. ती हरत नाही. तिचं म्हणणं एवढंच की तुझ्या बोनेटची किंमत त्याच्या पाचशे रुपयांपेक्षा जास्त कधीपासून झाली? मी म्हणते, मग चांगल्या कामाला चांगले पैसे देणारी सोसायटी आण. ती हसते.

दुसरा अडचणीचा माणूस माझा मावसभाऊ, स्टुटगार्टला असतो. तिकडे बहुतेक ठिकाणी घरासमोर साबणाने गाडी धुतली तर दंड होतो, कारण तेल-साबणाचं पाणी जमिनीत आणि गटारात जातं. तिकडे गाडी सेंटरवर न्यायची, तिथे पाणी गाळून पुन्हा वापरतात. तो म्हणाला, "तुझं पाणी कुठे जातं?" पावसाळी गटारात. आणखी कुठे जाणार?

आणि आई. आई लातूरला. ती कधीच विचारत नाही की माणूस का लावत नाहीस. ती विचारते, "किती बादल्या?" 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 टाक्या, साधारण 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी आमच्याकडे तीन कामांना जायचं. "तीन बादल्या," मी सांगते. पाइप लावला तर मिनिटाला दहा लिटर सहज जातं, हेही सांगते. फोनवर ती काही बोलत नाही. नाही बोलली की मला जास्त बोलावं लागतं.

वाघोली 2021 साली महापालिकेत गेली, टँकर मात्र कुठे गेला नाही. मार्च उजाडला की गेटवर त्यांची रांग. 2024 मध्ये बंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला 5,000 रुपये दंड लावला होता, त्याचं कात्रण सेक्रेटरी काकांनी जपून ठेवलंय. यंदा त्यांनी ठराव आणलाय: पार्किंगमध्ये पाणी ओतून गाडी धुवायला बंदी, फक्त ओल्या फडक्याने पुसायला परवानगी. म्हणजे माझी पद्धत बंद आणि राखाडी बादली कायदेशीर. पाणी वाचेल, हे मी लातूरची असून कुठल्या तोंडाने नाकारू? माझी सही अजून झालेली नाही. काका रोज विचारतात. मी त्यांना विचारलं, पुसायच्या बादलीतलं पाणी किती गाड्यांनंतर बदलायचं ते ठरावात लिहिणार का?

"मॅडम," ते म्हणाले, "इतक्या बारीक गोष्टी ठरावात नसतात. एकदा सरांशी बोलून घेतो."