चेंबरचं पॅकिंग तीनदा बदललं तरी ऑइल गळतंच होतं, माझा अनुभव

माझ्याकडे २००९ ची डिझेल पिकअप आहे. गाव पारोळ्याजवळ. कापूस, भाजीपाला, लग्नसराईत मंडपाचं सामान, सगळं तिच्यावरच चालतं. फेब्रुवारीत रोज सकाळी खळ्यात गाडीखाली पंजाएवढा काळा डाग दिसायला लागला. ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाशी तेल साठवणारं पत्र्याचं भांडं) गळतंय, एवढ्या जुन्या गाडीत हे होतंच, त्याच्या जोडातलं पॅकिंग बदललं की झालं असं वाटलं.

हायवेवरच्या एका गॅरेजला नेली, नाव लिहीत नाही. ११०० रुपये मजुरी, ऑइल वेगळं. चार दिवसांनी डाग परत. पुन्हा नेली तर म्हणे "पॅकिंग डुप्लिकेट निघालं भाऊ", दुसरं टाकलं, त्यावर सिलिकॉन थापलं (जोड बुजवायची ट्यूब; अनाबॉन्ड हे एका कंपनीचं नाव, पण गॅरेजमध्ये कुठल्याही ट्यूबला अनाबॉन्डच म्हणतात), आणि माझ्यासमोर मोठ्या पान्याने दात-ओठ खाऊन बोल्ट आवळले. आठ दिवसांनी परत डाग, आता आधीपेक्षा मोठा. तिसऱ्या वेळेला सकाळी नऊला गेलो तर दुपारी तीनपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं, वर कडक ऊन, धुळ्याला टमाट्याचे कॅरेट पोचवायचे होते ते दुसऱ्याची गाडी भाड्याने करून पाठवले, आणि तीनला चेंबर उतरवून अर्ध्या तासात परत चढवलं, जास्त सिलिकॉन, जास्त आवळणं, आणि वर "दोन दिवस चालवा, सेट होऊन जाईल". गळती सेट होत नसते हो! तीनही वेळा चेंबर हातात होतं, पण त्याच्या कडेवर कुणी स्टीलची पट्टी आडवी धरून बघितली नाही. दोन मिनिटांचं काम आहे, राग आहे तो याचाच.

कड का बघायची तर चेंबर पत्र्याचं असतं. बोल्ट जास्त आवळला की भोकाजवळचा पत्रा वर ओढला जातो आणि दोन बोल्टच्या मधे फट राहते. पॅकिंग फक्त बोल्टपाशी दाबलं जातं, मधून ऑइल निघतं. मग मेकॅनिक म्हणतो अजून आवळू, पत्रा अजून वाकतो. म्हणजे दर वेळी मी पैसे देऊन गळती वाढवून घेत होतो.

आमच्या गल्लीत नाना राहतात, एसटी डेपोतून रिटायर झालेले. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पहिले गाडी धुई ले, मंग देख तेल कोठून येस." हे मी आधीच करायला हवं होतं. वरच्या टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) तेल उतरलं तरी थेंब चेंबरच्या खालीच पडतो, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून येत असेल तर मागचं ऑइल सील गेलेलं असू शकतं, तिथे चेंबर उतरवून उपयोग नाही. धुऊन, कोरडी करून टाल्कम पावडर मारली, वीस मिनिटं चालवली. ओली रेघ बरोबर चेंबरच्या कडेवरच निघाली. ब्रीदरचा पाइपही (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) नानांनी काढून फुंकून बघितला, तो चोंदला की आतलं प्रेशर मिळेल तिथून तेल ढकलतं. आमचा मोकळा होता.

मग घरीच करायचं ठरवलं, मी आणि मावसभाऊ. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, आम्ही घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्या आणि मागच्या चाकांना दगड. चेंबर उतरवलं आणि मला घामच फुटला. ऑइल पंपाच्या जाळीत निळ्या सिलिकॉनच्या शेवेसारख्या लांब लांब दोऱ्या अडकलेल्या! बोल्ट आवळल्यावर जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं ते हेच. जाळी अजून भरली असती तर तेल वर चढलं नसतं, बेअरिंगं गेली असती आणि सगळं इंजिन खोलायची वेळ आली असती. गॅरेजवाल्याला हे दाखवायला त्या दोऱ्या मी डबीत ठेवल्यात.

जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, थिनरने पुसलं. कड रुळाच्या तुकड्यावर टेकवून उंचवटे हलक्या हातोडीने बसवले, पट्टी लावून बघत बघत, यातच दीड तास गेला. कॉर्कचं पॅकिंग घसरतं म्हणून नानांनी ते चार भोकांतून साध्या दोऱ्याने चेंबरला बांधायला सांगितलं, फार कामाची गोष्ट. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांच्या जोडावर, तेही बारीक. सगळे बोल्ट आधी बोटांनी, मग छोट्या पान्याने मधून बाहेर, समोरासमोर, थोडे थोडे. कॉर्क जरासा फुगला की थांबायचं, बाहेर यायला लागला तर जास्त झालं.

हां, तेल काढायच्या आधी दहा मिनिटं गाडी चालवा म्हणजे ते पातळ होऊन नीट उतरतं, पण सायलेन्सरला हात लावू नका, मावसभावाचं मनगट भाजलं. ड्रेन नटचा वॉशर नवा टाका. जळकं ऑइल नाल्यात ओतू नका, आम्ही कॅनमध्ये भरून ठेवलं.

सिलिकॉन सुकायला रात्रभर सोडलं, सकाळी ऑइल भरलं, खाली पुठ्ठा टाकला. सगळा खर्च, ऑइल सोडून, साडेतीनशेच्या आत. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणीला चाळीसगावहून याच गाडीने घेऊन आलो, पुठ्ठा कोरडा. मला फार भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढं आहे की कॉर्क गरम-थंड होऊन बसतं, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा बघा, ढिला वाटला तरच पाव फेरा, जास्त नाही.