फिलामेंट चेंजर: पारदर्शक पीईटीजी, स्लॉट सेन्सर आणि बदललेला बेत

थ्रीडी प्रिंटरला चारपैकी हवं ते फिलामेंट (प्लास्टिकची तार) आपोआप भरवणारा हा चेंजर. प्रत्येक फिलामेंटची वाट म्हणजे एक लेन, आणि फिलामेंट आलंय का हे प्रत्येक लेनचा सेन्सर सांगतो. काळ्या, राखाडी आणि केशरी पीएलए प्लास्टिकवर पहिल्या तिन्ही लेन सुरळीत चालल्या. चौथीत पारदर्शक पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घातलं आणि घोडं अडलं. फिलामेंट नळीतून डोळ्यांदेखत पुढे सरकतंय आणि बोर्ड म्हणतोय, लेन रिकामी. हाताने हळूहळू ओढलं की मधेच ‘आहे’, लगेच ‘नाही’, परत ‘आहे’. चेंजरचं सगळं लोडिंग याच एका उत्तरावर उभं आहे. उत्तर चुकलं की गियर फिलामेंट ढकलतो, वाट बघतो, मागे घेतो, पुन्हा ढकलतो. दात त्याच जागी घासत राहतात, तिथे खळगा पडतो आणि मग खरोखरच काही पुढे जात नाही.

जोडणी मागच्या नोंदीतलीच आहे. स्लॉट सेन्सर टीसीएसटी२१०३: फटीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर झिरीमागे फोटोट्रान्झिस्टर; उजेड पोचला की आउटपुट खाली, अडला की वर. फट ३.१ मिमी, झिरी १ मिमी. एलईडीला ५ व्होल्टवरून २२० ओहम, म्हणजे साधारण १७ मिलिअँप. कलेक्टरला, म्हणजे फोटोट्रान्झिस्टरच्या आउटपुट पायाला, ३.३ व्होल्टवर १० किलोओहमचा पुल-अप (आउटपुट वर ओढून ठेवणारा रेझिस्टर). सेन्सरच्या वर आणि खाली २.२ मिमीची भोकं, त्यामुळे फिलामेंट फटीच्या साधारण मधून जातं. मल्टिमीटरवर कलेक्टरचे आकडे असे आले: फट रिकामी असताना ०.१६ व्होल्ट, काळं पीएलए ३.२, पांढरं पीएलए २.९, पारदर्शक पीईटीजी ०.१६. रिकाम्या फटीत आणि पीईटीजीत शंभराव्या भागाचाही फरक नाही.

पहिलं कारण साधं आहे आणि ते पुल-अपमध्ये दडलंय. १० किलोओहमवर आउटपुट पूर्ण खाली ओढायला ०.३३ मिलिअँप पुरे होतो. फट मोकळी असताना हा फोटोट्रान्झिस्टर सुमारे ४ मिलिअँप देऊ शकतो. म्हणजे उजेडाचा बारावा हिस्सा पोचला तरी आउटपुट हलणार नाही. अपारदर्शक वस्तूसाठी ही ऐसपैस सवलत वरदान आहे, पण अर्धवट अडवणारं काही आलं की सेन्सर आंधळा होतो.

म्हणून पुल-अप १ किलोओहमवर आणला, म्हणजे पूर्ण खाली यायला ३.३ मिलिअँप लागावेत. रिकामं ०.४० व्होल्ट. पारदर्शक फिलामेंट बरोबर मध्यावर धरलं तर ०.३० व्होल्ट. म्हणजे फिलामेंट आल्यावर उजेड *वाढला*!

कारण भूमितीत आहे. १.७५ मिमीची पारदर्शक गोल सळई म्हणजे एक दंडगोल भिंगच. पीईटीजीचा अपवर्तनांक १.५७ धरला आणि किरण समांतर मानले, तर नाभी केंद्रापासून १.२ मिमीवर येते, म्हणजे फिलामेंटच्या पृष्ठभागापुढे जेमतेम तिसरा हिस्सा मिमी. फटीची भिंत केंद्रापासून १.५५ मिमीवर. एलईडी जवळ असल्यामुळे किरण खरं तर पसरत येतात आणि नाभी आणखी पुढे, थेट झिरीच्या दिशेने सरकते. फिलामेंट अडवत नाही, उलट उजेड गोळा करून फोटोट्रान्झिस्टरला भरवतं.

तेच फिलामेंट अर्धा मिमी बाजूला सरकलं की चित्र उलटतं. मध्यापासून ०.५ मिमी बाजूने शिरलेला किरण दोन्ही पृष्ठभागांवर वाकून सुमारे २७ अंश वळतो आणि झिरी चुकवतो. तिथे मोजलं तर २.१ व्होल्ट. ‘आहे-नाही-आहे’चा खुलासा इथेच झाला. स्पूलवरून येणाऱ्या फिलामेंटला बाक असतो, २.२ मिमीच्या भोकात ते इकडेतिकडे डुलतं आणि भिंग आलटून पालटून लागतं आणि चुकतं.

मग भिंग मुद्दाम चुकवायचं ठरलं. मार्गदर्शक भोकं फटीच्या मध्यरेषेपासून ०.५ मिमी सरकवली, भोकाचा व्यास २.० मिमी केला आणि सेन्सर ०.५ मिमी झिरीचा, टीसीएसटी२२०२, घेतला. पाय आणि फट तीच, त्यामुळे बोर्ड बदलावा लागला नाही. झिरी अरुंद झाल्याने प्रवाह कमी मिळतो, म्हणून पुल-अप २.२ किलोओहम. पारदर्शक पीईटीजीचा आकडा १.७ ते २.३ व्होल्टच्या मधे राहिला आणि चौथी लेन लोड झाली. स्क्रीनवर इतका वेळ लाल दिसणारा तिचा चौकोन हिरवा झाल्याचा आनंद मोठा होता.

पण हा उपाय टिकाऊ नाही. रिकामं ०.४ आणि भरलेलं १.७ यांच्यामधे थ्रेशोल्ड (‘आहे’ आणि ‘नाही’मधली सीमा) बसवायचा म्हणजे बोर्डाच्या डिजिटल पिनवर विसंबता येत नाही, दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर हवा. एलईडीचा उजेड तापमान वाढलं की घटतो, फोटोट्रान्झिस्टरचा गेन वाढतो, आणि दोन्ही एकमेकांना नेमके खोडत नाहीत. बंद चेंबरचं तापमान ५०-६० अंशांवर गेलं की सकाळी लावलेला थ्रेशोल्ड दुपारी सरकलेला असतो. झिरीवर पीएलएची धूळ बसली तर रिकामी लेन भरलेली वाटायला लागते. त्यात लेन चार, म्हणजे थ्रेशोल्ड लावायचे चार ट्रिमपॉट, आणि प्रत्येक नव्या फिलामेंटला परत स्क्रू-ड्रायव्हर.

रंगावर अंदाज बांधायचीही सोय नाही. हे सेन्सर ९५० नॅनोमीटरच्या आसपास बघतात. डोळ्याला गडद लाल किंवा निळं दिसणारं अर्धपारदर्शक फिलामेंट तिथे काचेसारखं स्वच्छ असू शकतं. काळ्यातही कार्बन ब्लॅक असेल तर उजेड अडतो, नुसत्या रंगद्रव्याने काळं केलेलं असेल तर खात्री देता येत नाही.

कंपॅरेटरचा बेत तरीही कागदावर पूर्ण मांडला, कारण एलएम३९३ या कंपॅरेटरचे तयार स्लॉट मॉड्यूल बऱ्याच जणांच्या डब्यात पडलेले असतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ३.३ व्होल्टवर त्याच्या इनपुटची हद्द साधारण १.८ व्होल्टपर्यंतच जाते, थ्रेशोल्ड त्याच्या खाली हवा. आणि या मॉड्यूलवर बहुधा हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधलं अंतर) नसतो, त्यामुळे कडा हळू सरकली की आउटपुट एकाच्या जागी मूठभर पल्स फेकतं. अधिक इनपुटच्या मागे १० किलोओहम असेल आणि आउटपुटवरून १०० किलोओहम परत आणला तर सुमारे ०.३ व्होल्टचा हिस्टेरिसिस मिळतो. आउटपुटला नुसता १०० नॅनोफॅरड लावणं ही मलमपट्टी आहे, पण चालते.

टीसीआरटी५०००सारखे परावर्ती सेन्सर विचारणाऱ्यांसाठी: इथे नकोच. त्यांचं सर्वोत्तम अंतर २.५ मिमीच्या आसपास असतं, समोर बारीक गोल सळई, काळं पीएलए उजेड गिळणार आणि पारदर्शकामागची भिंतच परत दिसणार. पारदर्शक वस्तूंसाठी मुद्दाम बनवलेले ध्रुवीकरणवाले औद्योगिक सेन्सर काम चोख करतील, पण चार लेनच्या ठोकळ्यात ते बसवायचे कुठे? ओम्रॉनचा ईई-एसएक्स६७० हा स्लॉट सेन्सर मात्र ठेवणीत असावा. ५ मिमी फट, ५ ते २४ व्होल्ट, आत अ‍ॅम्प्लिफायर, आणि एल पाय अधिकला जोडला की लाइट-ऑन (उजेड पोचला की चालू), मोकळा सोडला की डार्क-ऑन (उजेड अडला की चालू). आमच्या पारदर्शक दुखण्यावर मात्र तोही औषध नाही. बिननावाचे स्लॉट सेन्सर घेणार असाल तर डेटाशीट नसलेल्या विक्रेत्याला टाळा. फट सारखी दिसते, पायांचा क्रम वेगळा निघतो. डायोड रेंजवर सुमारे १ ते १.२ व्होल्ट दाखवणारी जोडी एलईडीची, एवढं आधी तपासा.

कंपॅरेटरच्या बोर्डाचा आराखडा अर्ध्यावर असतानाच तुटलेल्या तारेचा विचार पुढे आला आणि बेत बदलला. थेट फिलामेंट बघणाऱ्या जोडणीत उजेड अडला की आउटपुट वर जातं आणि त्याचा अर्थ ‘माल आहे’. तार तुटली, कनेक्टर निसटला, एलईडी मेली, तरी आउटपुट वरच. स्पूल संपेल आणि प्रिंटर हवेत प्रिंट करत राहील. तेव्हा सेन्सरने फिलामेंट बघूच नये. त्याने फ्लॅग, म्हणजे फटीत सरकणारी अपारदर्शक पट्टी बघावी, आणि फ्लॅग फिलामेंटने हलवावा. प्रिंटर बनवणाऱ्या प्रुसानेही एमके३ प्रिंटरचा थेट फिलामेंट बघणारा ऑप्टिकल सेन्सर २०१९च्या एमके३एसमध्ये सोडून यांत्रिक लिव्हर आणि इन्फ्रारेड जोडी घेतली, ते उगाच नाही.

नवी रचना अशी. २.२ मिमीच्या वाटेला काटकोनात ६.२ मिमीचं भोक, खोली वाटेच्या मध्यरेषेपर्यंत. त्यात ६ मिमीचा स्टीलचा छर्रा. तो वाटेच्या दोन कडांवर टेकतो, ०.२ मिमी आत झुकतो आणि त्याचं टोक तळापासून ०.८९ मिमीवर राहतं. १.७५ मिमीचं फिलामेंट आलं की छर्रा ०.८६ मिमी उचलला जातो. छर्‍यावर लिव्हर, गुणोत्तर १:४, म्हणजे फ्लॅगचं टोक जवळपास ३.४ मिमी हलतं. १ मिमी झिरीला हे भरपूर. फिलामेंटच्या जाडीतला ±०.०५ मिमीचा फरक फ्लॅगवर ±०.२ मिमी होतो, त्याची काळजी नाही. छर्रा फिलामेंटला तळाशी दाबून धरतो, त्यामुळे डुलण्याचा प्रश्नच मिटला.

छर्रा ४ मिमीचा का नको? फिलामेंटच्या टोकाला तो ५९ अंशांचा चढ दाखवतो, ६ मिमीचा ४४ अंशांचा. कटरने आडवं छाटलेलं टोक पहिल्यावर अडकून बसतं, दुसऱ्यावर चढून जातं. स्प्रिंग अगदी मऊ हवी. बॉलपेनमधली या कामाला ताठ पडते, टीपीयू या रबरासारख्या फिलामेंटमध्ये खड्डा पाडते. नुसत्या छर्‍याच्या वजनावरही विसंबू नका, ते एक ग्रॅमहून कमी आहे आणि स्टेपर मोटरच्या थरथरीने छर्रा नाचतो.

फ्लॅग रिकाम्या स्थितीत फटीत असतो. माल आला की बाहेर निघतो, उजेड पोचतो, आउटपुट खाली. तार तुटली तर आउटपुट वर, म्हणजे ‘माल नाही’, म्हणजे प्रिंट थांबते. पुल-अप परत १० किलोओहम, झिरी परत १ मिमी. मघाशी नडलेली ती बारापट सवलत आता कामाची: अर्धी झिरी धुळीने भरली तरी उत्तर बदलत नाही.

इथेही एक खोडी निघाली. पांढऱ्या पीएलएचा ०.८ मिमी जाडीचा फ्लॅग फटीत असताना कलेक्टरवर १.४ व्होल्ट. फ्लॅगमधून इन्फ्रारेड चक्क पाझरत होता. आठ टक्के गळती झाली तरी हा पुल-अप खाली बसतो, हे विसरू नका. काळ्या पीएलएचा १.२ मिमीचा फ्लॅग, वर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी: ३.२५ व्होल्ट, एकदम ठाम. पत्र्याची पट्टी त्याहून बरी. पारदर्शक, पांढरं, काळं, लाल अर्धपारदर्शक, सगळ्यांवर आता ‘आहे’ म्हणजे ०.१६ आणि ‘नाही’ म्हणजे ३.२५.

चौथी लेन बसली, बाकी तीन याच ठोकळ्यावर आणायच्या होत्या. पण छर्‍याऐवजी चाक दाबून ठेवलं तर तोच सेन्सर हालचालही मोजेल, आणि फिलामेंट असूनही अडकलं तर कळेल. ११ मिमीच्या चाकाचा परीघ ३४.६ मिमी. त्याच अक्षावर २० खाचांची चकती लावली की एका खाचेला १.७३ मिमी, दोन्ही कडा मोजल्या तर ०.८६ मिमी. खाचांचं वर्तुळ २४ मिमी व्यासाचं ठेवलं तर खाच १.९ मिमी रुंद येते, १ मिमी झिरीला पुरेशी. ४० खाचा करायच्या तर ती ०.९४वर येते आणि टीसीएसटी२२०२ परत बाहेर काढावा लागेल. डब्यात पडलेलाच आहे. क्लिपर या प्रिंटर फर्मवेअरमध्ये मोशन सेन्सरची डिटेक्शन लेंग्थ (इतकं फिलामेंट ढकलूनही हालचाल दिसली नाही की इशारा) मुळात ७ मिमी असते. २० खाचांवर ती ४पर्यंत उतरवता यावी, मात्र फिलामेंट नेणाऱ्या बाउडन नळीतली ढिलाई आणि रिट्रॅक्शन (फिलामेंट थोडं मागे ओढणं) मिळून खोटा इशारा देणार नाहीत एवढं आधी बघायला हवं.

त्यामुळे बाकी तीन ठोकळे तूर्त छापायचे थांबवलेत. छर्रा प्रत्येक लेनच्या तोंडाशी राहील, चाक फक्त एकच, चारही वाटा एकत्र येतात त्याच्या पुढे. टीपीयूवर चाक किती दाबायचं ते पुढच्या नोंदीत आकड्यांसकट.