समुद्राची सपाटी

‘समुद्रसपाटीपासून इतके मीटर’ हे आपण इतक्या सहज म्हणून जातो, जणू समुद्र म्हणजे परातीत ओतलेलं पाणी.

सुमारे 21,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरहून अधिक खाली होता. मग बर्फ वितळला, पाणी चढलं. इथवर सगळं सोपं. पण स्वीडनच्या ‘हाय कोस्ट’वर जुनी किनारारेषा आज 286 मीटर उंचीवर, डोंगरावर सापडते! पाणी चढत होतं, पण जमीन त्याहून वेगाने उठत होती.

कापसाच्या गादीवरून माणूस उठला की खळगा सावकाश भरतो आणि कडेचा फुगवटा बसतो. किलोमीटरभराहून जाड बर्फाखालून सुटलेल्या जमिनीचंही तसंच. फक्त तिला हजारो वर्षं लागतात. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागातली जमीन अजून वर्षाला 8-9 मिलिमीटर वर येतेय, तर अमेरिकेतला चेसापीक उपसागर बर्फाच्या कडेच्या जुन्या फुगवट्यावर असल्याने खचतोय.

सेल्सियसने (हो, तापमापकवाल्यानेच) 1731 साली स्वीडनमधल्या लोव्हग्रुंड बेटाजवळ एका खडकावर पाण्याच्या रेषेत खूण कोरून घेतली. आज ती पाण्याच्या बरीच वर आहे. त्याचं म्हणणं होतं, पाणी आटतंय. नोंद चोख, निदान चुकलेलं.

शिवाय बर्फाचा प्रचंड ढीग समुद्राला स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ओढ सैलावते. जवळचं पाणी उतरतं आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं. हे पहिल्यांदा ऐकताना उलटंच वाटतं.

समुद्राची जुनी पातळी शोधायची तर जमिनीतून काढलेल्या नमुन्याचं ठिकाण, वय आणि उंची पुरत नाही. तो भरतीच्या कोणत्या रेषेला तयार झाला तेही लागतं. खाऱ्या दलदलीतली झाडं भरतीच्या वरच्या रेषेलगत वाढतात, म्हणून त्यांचं पीट, म्हणजे अर्धवट कुजून साचलेला थर, कामाचं. पण नंतरच्या झाडांची मुळं त्यात घुसली असतील तर कार्बन-14 (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची पद्धत) वय कमी दाखवतं; ती आधी वेचून काढावी लागतात. खरा घोटाळा दबण्याचा. वरच्या गाळाच्या वजनाने पीट आणि त्याखालचा चिखल बसतो, नमुना मूळ जागेच्या खाली जातो आणि जुना समुद्र होता त्याहून खोल भासतो. म्हणून कठीण तळावर थेट टेकलेलं, अगदी बुडाचं पीट घेतात. त्याच्याखाली दबण्यासारखं काही नसतं.