बाभळीचे चार काटे

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. सोबत सूचनाही होती, की आपल्या संशोधनाविषयी लिहावं, विद्यार्थ्यांना उपयोग होईल. पत्र दोन-तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं. संशोधनाविषयी लिहायला घेतलं की मन प्रयोगशाळेमागच्या त्या अरुंद खोलीत जाऊन बसतं, आणि तिथे सर असतात. सर म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत कोणाला सांगायला नको. गणिताचे, मराठीचे, चित्रकलेचे सर आडनावाने ओळखले जात. विज्ञानाचे ते नुसते 'सर'. म्हणून लिहायचं ते सरांविषयीच लिहितो. संशोधन त्यातच येईल.

१९७७ साल, नववी ब. पोळ्याचा दुसरा दिवस. आमच्या घरी बैल नव्हते, आई पूजेला मातीचे बैल करायची. बोरी नदीकाठचा गारा, म्हणजे चिकणमाती, मीच आणलेला होता, त्यातला थोडा उरला. आदल्या आठवड्यात सरांनी मिथेन शिकवला होता. पुस्तकात मधोमध कार्बन आणि चार दिशांना चार हायड्रोजन, अगदी बेरजेच्या चिन्हासारखा. मी गाऱ्याची एक गोळी केली, तिच्यात बाभळीचे चार पांढरे काटे खोचले, काट्यांच्या टोकांना ज्वारीचे दाणे बसवले आणि मोठ्या अभिमानाने शाळेत घेऊन गेलो. पुस्तकासारखंच झालं होतं. चारही कोन नव्वदचे, कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजून केलेले.

सरांनी ते तळहातावर घेतलं. "हाई काय शे रे?" शिकवताना ते शुद्ध बोलत, पण खूश झाले की अहिराणीवर येत. मी म्हटलं, मिथेन. चूक आहे, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "या चौघांना एकमेकांचा शेजार आवडत नाही. त्यांना अजून लांब लांब बसायचंय. बसता येईल?" मी म्हटलं, नाही सर, चौघांना सारखी जागा दिली आहे. तेव्हा त्यांनी करंगळीने एक काटा जरासा वर उचलला. जराच. म्हणाले, "आते देख. याला हलवलं तर बाकीचे कुठे जातील?"

शाळा सुटली होती. शिपाईमामा कुलूप घेऊन दाराशी उभे. आम्ही दोघं त्या खोलीत गोळी मोडत होतो, पुन्हा वळत होतो. गारा वाळू लागला की तडे जायचे, सर नळाचे दोन थेंब टाकायचे. तिसऱ्या खेपेला कुठे मनासारखं बसलं. मी कोन मोजले, तर एक १०४, एक ११३, एक १०८. मी हिरमुसलो. सरांनी कोनमापक बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "टेबलावर ठेव. आता उलटं ठेव. आता आडवं." कसंही ठेवलं तरी ते तीन काट्यांवर तिवईसारखं उभं राहायचं आणि चौथा काटा वर. चौघांपैकी कोणीही वर येवो, दिसायचं सारखंच. मग सरांनी खडूने फळ्यावर लिहिलं : १०९ अंश २८ मिनिटं. १८७४ साली व्हांट हॉफ नावाच्या बावीस वर्षांच्या मुलाने कार्बन असा असतो हे सांगितलं, आणि पुढे रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. शिपाईमामांनी दोनदा किल्ल्या वाजवल्या.

त्या संध्याकाळबद्दल मी हजार शब्द लिहू शकेन. बाकी चाळीस वर्षांचं थोडक्यात सांगता येतं.

तरी वाढप्याची गोष्ट सांगायला हवी. आपल्या गावात, अमळनेरात, १९४५ पासून वनस्पती तुपाची फॅक्टरी होती. शेंगदाण्याचं तेल आत जायचं आणि घट्ट तूप होऊन डब्यातून बाहेर यायचं. कसं? सरांनी वर्गात विचारलं. कोणी म्हणालं थंड करून, कोणी म्हणालं मीठ घालून. सर म्हणाले, तेलात निकेलची बारीक पूड घालून तापवतात आणि हायड्रोजन सोडतात. तेलातल्या दुहेरी बंधांना हायड्रोजन मिळतो आणि तेल घट्ट होतं. निकेल शेवटी गाळून परत मिळतं. "पंगतीत जेवणारे तेल आणि हायड्रोजन. निकेल वाढपी. तो जेवत नाही, पण तो नसेल तर पान रिकामंच राहतं." उत्प्रेरकाची याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही ग्रंथात वाचलेली नाही. पुढे त्यात माझी एक भर पडली, की वाढपी हात लावल्याशिवाय वाढत नाही. धातू रेणूला खरोखर धरतो आणि मग सोडतो. फार घट्ट धरलं तर सुटत नाही, फार सैल धरलं तर काम होत नाही. धातू आणि कार्बन एकमेकांना कसे धरतात, एवढ्याच प्रश्नावर माझी हयात गेली. त्यालाच सेंद्रिय-धातू रसायन म्हणतात.

प्रताप कॉलेजातून बी.एस्सी. करून मी पुण्याला एम.एस्सी.ला गेलो. तिथे १९८४ साली एका तासाला कळलं, की निकेलभोवती चार सायनाइड असले की ते सपाट बसतात. हुबेहूब बेरजेचं चिन्ह! आणि त्याच निकेलभोवती चार क्लोराइड असले की ते आपल्या तिवईसारखे बसतात. कुठलं कसं आहे ते चुंबकीय मोजणीवरून ओळखू येतं : सपाट असेल त्याला चुंबक ओढत नाही. त्या रात्रीच सरांना पत्र टाकलं. उत्तराचं पोस्टकार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या : 'तुझा पहिला मिथेन मी मोडू दिला नव्हता, कपाटात खालच्या फळीवर आहे. आता त्याला निकेल म्हणू.' मला तेव्हा आठवलं, की त्या संध्याकाळी मोडायला आणि वळायला सरांनी दुसरा गारा काढला होता. कुंड्यांचा होता तो. माझा त्यांनी अलगद उचलून ठेवला होता.

पीएच.डी.ची वर्षं काचेच्या नळ्यांत गेली. आमची संयुगं हवेला भितात. नायट्रोजनखाली करायची, नायट्रोजनखाली गाळायची. कुठे बूच सैल राहिलं की महिन्याभराचं लालभडक द्रावण डोळ्यांदेखत तपकिरी होतं. फेरोसीन मात्र मनाने धट्टा. नारिंगी स्फटिक, उघड्यावर ठेवा, काही होत नाही. कार्बनच्या दोन पंचकोनी कड्या आणि मधे दाबून बसवलेला लोखंडाचा अणू. १९५१ साली तो पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याची आकृती चुकीची काढली गेली होती, लोखंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक काडी आणि काडीला कडी. वर्षभरात विल्किन्सन, वुडवर्ड आणि फिशर यांनी खरा आकार सांगितला, आणि १९७३ चं नोबेल फिशर आणि विल्किन्सन यांना मिळालं. कागदावरच्या रेणूवर विश्वास ठेवू नये, हे मी नववीतच शिकलो होतो.

नव्वदच्या दशकात मी संगणकाकडे वळलो, रेणूचा आकार आणि ऊर्जा गणिताने काढायला. फेरोसीनमध्ये ९६ इलेक्ट्रॉन. प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे, म्हणजे २८८ आकड्यांचं कोडं. १९६४ साली होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी सिद्ध केलं, की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग काढायची गरज नाही. कुठे किती दाटी आहे एवढं कळलं, तरी रेणूची सर्वांत कमी ऊर्जा त्यातून ठरते. दाटीला आकडे तीनच लागतात. १९९८ साली कोन यांना पोपल यांच्यासोबत नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या खोलीत पेढे वाटले होते. विद्यार्थ्यांना मी हे सगळं कन्नडच्या घाटावरून समजावतो. चाळीसगावहून औरंगाबादला जायचं तर डोंगर ओलांडावाच लागतो. रासायनिक क्रियेतही ऊर्जेचा असाच डोंगर असतो. त्यातला घाट किती उंच, हे गणित आम्ही करतो. उत्प्रेरक म्हणजे कमी उंचीचा दुसरा घाट दाखवणारा वाटाड्या.

याच कामात मी एकदा चार महिने वाया घालवले. निकेलचं एक संयुग होतं. मी सुरुवातच सपाट आकाराने केली आणि ती सममिती गणितात तशीच राखली. संगणक इमानाने ऊर्जा कमी करत गेला आणि सपाटच राहिला. त्याचा दोष नव्हता. सपाट रेणूतल्या अणूंना वर ढकलणारं बल शून्य आणि खाली ढकलणारंही शून्य, तो हलणार कसा? रेणूची कंपनं मोजली तेव्हा त्यात काल्पनिक संख्या आली. म्हणजे रेणू ऊर्जेच्या दरीत नव्हता, खिंडीत तोल सावरून उभा होता. मग एक अणू जरासा वर उचलला. जराच. दोन दिवसांत गणित खाली उतरलं, आकार वेगळाच निघाला आणि प्रयोगाशी जुळला. त्या रात्री मी करंगळीकडे पाहत बसलो होतो.

२००४ च्या दिवाळीत हे सगळं सरांना घरी जाऊन सांगितलं. डोळे अधू झाले होते, पण कान शाबूत. त्यांनी विचारलं, "तुझा संगणक स्वतःहून हलवून बघतो का?" मी म्हटलं, नाही सर, सांगावं लागतं. "मग बरं आहे," म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. पुढच्या पावसाळ्यात सर गेले.

माझ्याकडे १९ जणांनी पीएच.डी. केली. प्रत्येकाने पहिल्या दिवशी चिकणमातीचा मिथेन केला आहे, अगदी परदेशातून आलेल्यांनीही. हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात व्हांट हॉफचे स्वतःचे पुठ्ठ्याचे रेणू मी पाहिले. इतके लहान, चिकटवताना बोटांची धडपड झाली असणार असे. काचेपाशी उभा राहिलो तेव्हा सर सोबत असायला हवे होते, असं फार वाटलं.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. मागची खोली बंद होती. वर्गात पडद्यावर रंगीत मिथेन गरगर फिरत होता आणि मुलं टाळ्या वाजवत होती. चांगलंच आहे ते, मीही पडद्यावरच काम करतो. पण एकाही मुलाचा हात मातीत नव्हता, आणि मला वाईट वाटलं ते वाटलंच.

समारंभाला मी नक्की येतो. भाषणाऐवजी नववीचे दोन तास मला द्यावेत. दोन घमेली गारा लागेल, बोरीकाठचा मिळाला तर उत्तम, आणि बाभळीचे वाळलेले पांढरे काटे, बोटभर लांबीचे, टोकं बोथट करून. ज्वारी मी आणीन. आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं विचारून ठेवावं. खालची फळी, डाव्या कोपऱ्यात.