आबाळ एका भेटीत दिसत नाही

इंग्लंडमध्ये मुलांची सोशल वर्कर आहे म्हटलं की गावाकडचे विचारतात, "मार खाल्लेली पोरं येत असतील ना गं?" येतात. पण इथे बालसंरक्षण योजनेखाली (म्हणजे धोक्यातल्या एकेका मुलासाठी आखलेल्या संरक्षणाच्या आराखड्याखाली) मूल येण्यामागे फार मोठ्या प्रमाणावर कारण असतं ते आबाळ. आणि आबाळीचा वळ उठत नाही.

एक केस सांगते, ओळखीचे तपशील बदलून. सहा वर्षांचा मुलगा. कपड्यांना वास येतो आणि सोमवारी जेवणावर तुटून पडतो, असं शाळेने कळवलं. मी वेळ ठरवून गेले. घर लख्ख, फ्रिज भरलेला, आई हसतमुख. तेवढ्यावर अहवाल लिहिला असता तर फाइल बंद झाली असती. दुसऱ्यांदा न सांगता गेले. दुपारी दोन वाजता पडदे ओढलेले, सिंकमध्ये खरकटं, धाकटी ओल्या लंगोटात. त्या एकाच दिवसावरून लिहिलं असतं तर आई थेट दोषी ठरली असती. तिसऱ्या भेटीत पोरगा माझ्याशेजारी बसून चित्र रंगवत म्हणाला, "मम्मी उठत नाही तेव्हा बेबीला मी सिरियल देतो." मग डॉक्टरांकडून, हेल्थ व्हिजिटरकडून (लहान मुलांच्या घरी जाणारी नर्स) माहिती जमवली. बाळंतपणानंतरचं नैराश्य, दीड वर्ष उपचाराविना.

हे कळायला मला पाच आठवडे लागले.

पूर्वी सुरुवातीच्या पाहणीला एवढे मिळत नसत. प्राथमिक मूल्यमापन ७ कामकाजी दिवसांत, पुढे १०. गरज वाटली तरच त्यानंतर सखोल मूल्यमापन, त्याला ३५. इंग्लंडच्या बालसंरक्षण व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी २०११च्या अहवालात दाखवून दिलं की तारखा गाठण्याच्या नादात मूलच नजरेआड होतं. २०१३पासून दोन्ही मिळून एकच मूल्यमापन, जास्तीत जास्त ४५ कामकाजी दिवसांचं. जिवाला धोका असेल तर अर्थातच थांबायचं नसतं. आलेल्या तक्रारीचं पुढे काय करायचं हे एका कामकाजी दिवसात ठरवावंच लागतं. ती घाई मला पटते.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्यात बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलाच्या सामाजिक तपासणी अहवालाला १५ दिवस आहेत. तिकडे हे काम करणाऱ्या मैत्रिणी एका जिल्ह्यात किती घरं फिरतात, ते ऐकून माझा जीव दडपतो.

पण ४५ दिवसही कागदावरचेच. त्याच दिवसांत माझ्याकडे इतर वीस मुलं असतात, कोर्टाची कामं असतात, प्रत्येक भेटीची नोंद संगणकावर चढवायची असते. त्या पोरासाठी प्रत्यक्ष किती तास उरले, हे कुणी मोजत नाही. अहवाल मुदतीत गेला का, एवढंच मोजतात. मागच्या आठवड्यात मॅनेजरला मी लेखी कळवलं आहे: तिसरी भेट होईस्तोवर आबाळीच्या अहवालावर मी सही करणार नाही, आणि त्यासाठी माझ्याकडच्या चार केसेस दुसऱ्या कुणाला द्या. उत्तर अजून यायचंय.