आइसलंडचा रिंग रोड: किलोमीटर नंतर, आधी वारा

आइसलंडला वळसा घालणारा रिंग रोड जेमतेम १,३२० किलोमीटरचा. आकडा ऐकला की आपला हिशेब सुरू होतो: रोज तीनशे, पाच दिवसांत फेरी पूर्ण. हा हिशेब तिथे हमखास फसतो, कारण आज किती जायचं ते वारा ठरवतो. आठ दिवसांच्या खाली ही फेरी मी कुणाला सुचवत नाही. दहा असतील तर उत्तम, आणि त्यातला एक कोरा ठेवा. बुकिंगं एकाला एक चिकटवली की एक वादळी दिवस पुढची सगळी माळ तोडतो.

वाऱ्याचा अंदाज वेदुर डॉट आयएस या तिथल्या हवामान खात्याच्या साइटवर मिळतो, पण मीटर प्रति सेकंदात, आणि आपण गोंधळतो तो इथेच. '२०' वाचून झुळूक वाटते, ३.६ने गुणा, ताशी ७२ किलोमीटर निघतात. १५च्या पुढे कॅम्पर व्हॅन हलवू नये, २०च्या पुढे छोटी गाडीही नको. डोंगराच्या कुशीतून सुटणारे झोत याहून बरेच जोरकस असतात. कुठला रस्ता बंद आहे ते उमफर्दिन डॉट आयएसवर कळतं. निघण्यापूर्वी दोन्ही साइट बघायच्या, दुपारी पुन्हा एकदा.

भाड्याच्या गाडीचं हमखास नुकसान होतं ते दारांचं. वारा मागून असेल तर दार उघडताक्षणी हातातून सुटतं, पुढे उलटं वळतं आणि बिजागरी वाकते. 'फुल इन्शुरन्स' घेतला तरी हे सहसा त्यात बसत नाही, आणि वाळूने काचा-रंग खरवडले गेले तर त्याचा विमा वेगळा. म्हणून गाडी तोंड वाऱ्याकडे करून लावा, दार एका हाताने घट्ट धरून उघडा, आणि एका वेळी एकच दार. मागे बसलेल्या मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

गाडी उजव्या बाजूने चालवायची, दिवे दिवसाही चालू. गावाबाहेर डांबरीवर वेगमर्यादा ९०, खडीच्या रस्त्यावर ८०. डांबर संपून खडी लागते तिथे वेग आधीच उतरवा. ब्रेक खडीवर मारला की गाडी घसरते. एकेरी पुलावर जो आधी पोचतो तो आधी जातो. क्रमांकाआधी 'एफ' असलेले रस्ते फक्त फोर-व्हील-ड्राइव्हसाठी, तेही उन्हाळ्यातच उघडतात. रस्ता सोडून गाडी घालणं बेकायदा आहे, दंड जबर बसतो.

बरेच पेट्रोलपंप बिनमाणसांचे असतात आणि कार्डाचा पिन मागतात. पिन पाठ हवा, आणि कार्डावरचे परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या. पूर्वेकडे टाकी अर्धी झाली की भरायची. उत्तरेकडच्या अकुरेरी शहराजवळच्या वादलाहेदी बोगद्यावर टोलनाका दिसत नाही, म्हणून तो फुकट समजू नका. पैसे ऑनलाइन भरायचे. विसरलात तर बिल गाडीवाल्या कंपनीकडे जातं आणि ती आपला जादा आकार लावते.

दक्षिणेकडच्या विक गावाजवळचा रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखेच बेसाल्टचे उभे खांब आहेत, त्यामुळे आपल्याला दगड ओळखीचा वाटेल. समुद्र मात्र तसा समजू नका. दहा लाटा पायापासून लांब राहतात आणि अकरावी थेट खांबांपर्यंत येऊन माणसाला ओढून नेते. असे मृत्यू तिथे झालेत. इशाऱ्याचा लाल दिवा लागला असेल तर वाळूवर उतरायचं नाही, आणि एरवीही समुद्राकडे पाठ करून फोटो नाही.

हॉटेलात रोज जेवणं खिसा रिकामा करतं. बोनस किंवा क्रोनन या दुकानांतून ब्रेड, स्कीर (तिथलं दह्यासारखं घट्ट दुग्धजन्य), भाज्या घ्या. घरून पोह्यांचं, उपम्याचं कोरडं मिश्रण न्या. पाण्याची बाटली विकत घेणं शुद्ध वेडेपणा आहे, नळाचं गार पाणी उत्तम असतं. गरम नळाला मात्र सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तो गंधकाचा, अंघोळीला चालतं, चहाला नाही.

गावोगावी गरम पाण्याचे जलतरण तलाव आहेत, ते चुकवू नका. एक मात्र तयारी हवी: पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने अंघोळ सक्तीची असते, कारण पाण्यात क्लोरीन कमी ठेवतात. स्त्रिया आणि पुरुषांच्या खोल्या वेगळ्या. काखा, पाय, कुठे कुठे साबण लावायचा ते भिंतीवरच्या चित्रात रंगवलेलं असतं, आणि कपड्यांसकट शॉवरखाली उभे राहिलात तर तिथलं कुणीतरी येऊन टोकतंच.