आठ बाइटांचा अडथळा

जिल्ह्याच्या गावातलं एक हॉस्पिटल आणि घाटावरचं त्याचं छोटं तपासणी केंद्र, या दोन्हींचं नेटवर्क मी सांभाळतो. केंद्रावर एक्स-रे काढायचा, फाइल हॉस्पिटलच्या सर्व्हरवर चढवायची, तिथले डॉक्टर बघून कळवतात. आदल्या संध्याकाळी केंद्रावर नवी फायबर लाइन बसली आणि सकाळी टेक्निशियन ताईंचा फोन आला. "सर, पेशंटचं नाव-वय जातंय, पण फोटो जात नाही. सुरू होतो आणि तिथंच अडकतो."

मी पोचलो तेव्हा एक आजोबा हात गळ्यात बांधून बाकावर बसले होते. त्यांचा मुलगा सीडी घेऊन मोटारसायकलवरून घाट उतरायला निघाला होता.

पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर येतंय का ते पाहणं, व्यवस्थित. लॉगिन होत होतं, जुने एक्स-रेही उघडत होते. लाइनवाले म्हणाले, आमच्याकडून सगळं ओके. मग वायरशार्क लावलं, लाइनवरून जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, दाखवणारं सॉफ्टवेअर. टीसीपी, म्हणजे पोच घेत डेटा पाठवायची पद्धत. तिचा हँडशेक, म्हणजे सुरुवातीची सलामी, स्वच्छ होता : सिन, सिन-ॲक, ॲक. एका पॅकेटमध्ये किती डेटा चालेल हे दोन्ही यंत्रं तिथंच सांगून टाकतात. दोघांनीही 1460 बाइट सांगितले होते. त्यात टीसीपी आणि आयपीचे वीस-वीस बाइटांचे हेडर, म्हणजे पॅकेटवरची पत्त्यासारखी माहिती, धरले की 1500, इथरनेटची नेहमीची मर्यादा. छोट्या पॅकेटांची पोच येत होती. पहिलं 1500 चं पॅकेट निघालं आणि पोच आलीच नाही. टीसीपीने तेच पुन्हा पाठवलं. मग दुप्पट वेळ थांबून पुन्हा. त्याच्या दुप्पट थांबून आणखी एकदा. त्याच सीक्वेन्स नंबरच्या, म्हणजे त्याच पॅकेटच्या, काळ्या ओळी स्क्रीनवर वाढत गेल्या.

विंडोजचं साधं पिंग फक्त 32 बाइट पाठवतं, त्यावर भिस्त ठेवून चालत नाही. तुकडे करू नयेत अशी खूण लावून मी मोठं पिंग सोडलं. 1472 ला उत्तर नाही. 1460 ला आलं. 1465, नाही. 1464, आलं. पिंगच्या पॅकेटच्या हेडरचे 28 मिळवून 1492. नेमके आठ बाइट कमी. नवी लाइन पीपीपीओईवर, म्हणजे लॉगिन करून जोडायच्या पद्धतीवर, होती आणि तिच्या हेडरला तेवढेच आठ लागतात.

पण अशा वेळी राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीने, म्हणजे पिंग आणि अडचणींचे निरोप ज्यातून जातात त्या पद्धतीने, निरोप द्यायचा असतो : पॅकेट मोठं आहे, 1492 चं पाठव. ही पद्धत 1990 पासून ठरलेली आहे. लॅपटॉप फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कची ये-जा गाळणाऱ्या यंत्रणेच्या, बाहेर लावून पाहिलं, तर राउटर दर वेळी हा निरोप इमानाने देत होता. आत तो पोचत नव्हता. कुणीतरी पूर्वी पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलं होतं. सुरक्षेच्या नावाखाली हे सर्रास केलं जातं आणि मला त्याचा खरोखर संताप येतो. दोन यंत्रांचं जमावं म्हणून कुणीतरी विचारपूर्वक ठेवलेली वाट आपण न वाचताच बुजवतो, आणि माणसं बाकावर ताटकळतात.

फायरवॉलमध्ये तो निरोप मोकळा केला. 1492 मधून हेडरचे चाळीस वजा करून राउटरवर टीसीपीची मर्यादाही 1452 केली. ताईंनी पुन्हा फाइल चढवली. हिरवी पट्टी थांबत नव्हती. "गेला, सर!"

मुलगा हॉस्पिटलला पोचायच्या आत डॉक्टरांचा फोन आला : मनगटाचं हाड मोडलंय, पण जागेवर आहे, तिथंच प्लास्टर घाला.

निघण्याआधी फायरवॉलच्या त्या नियमाखाली मी टीप लिहिली : हा नियम काढू नये, काढला तर एक्स-रे जाणार नाहीत. खाली तारीख आणि माझा फोन नंबर.